माल्टवरचा कर आणि पंचेचाळीस जागा : स्कॉटलंड, १७१३ ते १७२५

१ जून १७१३ रोजी लंडनमध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात फिंडलेटरचा अर्ल जेम्स ओगिल्व्ही बोलायला उभा राहिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचं एकत्रीकरण रद्द करणारं विधेयक मांडू द्या, अशी त्याची मागणी होती. सहा वर्षांपूर्वी हाच माणूस स्कॉटलंडचा लॉर्ड चान्सलर होता आणि सीफील्डचा अर्ल म्हणून ओळखला जात होता. एकत्रीकरणाच्या कायद्यावर सही करून कागद कारकुनाच्या हातात देताना ‘जुनं गाणं संपलं’ असं तो म्हणाला, ही आठवण स्कॉटलंडमध्ये आजही सांगतात. एकत्रीकरण घडवून आणणाऱ्यांत तो पहिल्या रांगेतला. तोच आता ते मोडा म्हणत होता, आणि निमित्त होतं बिअरसाठी लागणाऱ्या माल्टवरच्या कराचं.

सामायिक संसदेत लहान भागीदाराचं काय होतं हे समजून घ्यायला मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं. स्कॉटलंडकडे जागा होत्या, करारात लिहून घेतलेलं कलम होतं, आणि या प्रश्नावर त्यांचे प्रतिनिधी कधी नव्हे इतके एकजुटीने उभे होते. तरीही कर बसला. का बसला आणि बसूनही बारा वर्षं वसूल का झाला नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

४५ हा आकडा

१७०६ मध्ये लंडनला दोन्ही देशांकडून प्रत्येकी ३१ जण वाटाघाटींना बसले. स्कॉटलंडला कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहात, किती जागा द्यायच्या, यावर मोठी घासाघीस झाली. इंग्रजांनी ३८ पासून सुरुवात केली, स्कॉटिश बाजूने ५० मागितल्या, शेवटी ४५ वर पटलं. इंग्लंड-वेल्सच्या ५१३ जागा तशाच राहिल्या, म्हणजे एकूण ५५८.

लोकसंख्येने मोजलं तर स्कॉटलंडमध्ये साधारण दहा लाख माणसं होती आणि इंग्लंड-वेल्समध्ये पन्नास लाखांहून थोडी जास्त. त्या हिशेबाने शंभराच्या आसपास जागा मिळायला हव्या होत्या. पण जमिनीवरच्या कराचा हिशेब उलटा होता. इंग्लंडमधून जवळपास २० लाख पौंड वसूल होतील तेव्हा स्कॉटलंडने ४८,००० भरायचे, असं करारातच ठरलं होतं. त्या मापाने बारा-तेरा जागासुद्धा पुष्कळ होत्या. ४५ हा आकडा या दोन मापांच्या मधे कुठेतरी पडला. त्यामागे कुठलं सूत्र नव्हतं, सौदा होता. त्या वेळी एकट्या कॉर्नवॉल परगण्यातून ४४ सदस्य कॉमन्समध्ये जात. अख्ख्या देशाला कॉर्नवॉलपेक्षा एक जागा जास्त, हे स्कॉटिश माणसाच्या मनात खोल रुतलं.

लॉर्ड्समध्ये स्थिती आणखी बिकट होती. इंग्लंडच्या प्रत्येक उमरावाला तिथे हक्काची जागा होती. स्कॉटलंडचे उमराव दीडशेच्या आसपास, त्यांनी आपापसांत निवडणूक करून १६ जण पाठवायचे. या निवडणुकीआधी सरकारला हव्या असलेल्या नावांची यादी फिरायची आणि बहुतेक वेळा तीच निवडून यायची.

पहिल्या ४५ सदस्यांना तर मतदारांनी निवडलंच नाही. फेब्रुवारी १७०७ मध्ये एडिंबरोच्या संसदेने, स्वतः विसर्जित होण्याआधी, आपल्यातूनच ते नेमले. पुढे ३० जागा परगण्यांना आणि १५ शहरांना अशी वाटणी झाली. एडिंबरोला स्वतःची एक जागा, बाकीच्या गावांचे चौदा गट. ग्लासगोसारखं वाढतं शहर रेनफ्रू, रदरग्लेन आणि डंबार्टनबरोबर मिळून एक सदस्य पाठवायचं. सहा लहान परगण्यांच्या जोड्या केल्या होत्या. एका संसदेत नेअर्नचा सदस्य, तर पुढच्या संसदेत क्रोमार्टीचा, आणि तोवर नेअर्नचं कोणीच नाही. (१८३२ मध्ये जागा ५३ झाल्या, १८८५ मध्ये ७२, २००५ मध्ये ५९ आणि २०२४ पासून ५७. आकड्यावरचं भांडण कधीच संपलं नाही.)

कलम चौदा

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. आपण नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचं सत्त्व करतो, तसाच पहिला टप्पा. जव दोन-तीन दिवस हौदात भिजत घालायचे, मग जमिनीवर पसरायचे, मोड सारखे यावेत म्हणून लाकडी फावड्याने परतत राहायचे आणि शेवटी भट्टीच्या ऊबेवर सुकवायचे. यातूनच एल, म्हणजे रोजची बिअर, बनायची. स्कॉटलंडच्या शहरांमध्ये हे चैनीचं पेय नव्हतं. साध्या घरातल्या जेवणाचा तो भाग होता, आणि सगळ्यात जास्त खपणारी एल ‘टपेनी’ म्हणून ओळखली जायची. कर वसूल करणारा अधिकारी थेट माल्टच्या कोठारात यायचा, भिजवलेल्या धान्याचं माप घ्यायचा आणि नोंद करायचा. त्यामुळे हा कर कागदावर राहणारा नव्हता. तो दारात येऊन उभा राहायचा.

इंग्लंडमध्ये १६९७ पासून माल्टच्या दर बुशेलला ६ पेन्स कर होता. बुशेल म्हणजे साधारण ३६ लिटरचं माप. एकत्रीकरणाच्या करारावर एडिंबरोच्या संसदेत चर्चा झाली तेव्हा स्कॉटिश सदस्यांनी चौदाव्या कलमात घालून घेतलं की स्कॉटलंडमध्ये बनणाऱ्या आणि तिथेच खपणाऱ्या माल्टवर ‘चालू युद्ध संपेपर्यंत’ कर बसणार नाही. युद्ध म्हणजे स्पेनच्या गादीसाठी चाललेलं युद्ध. त्याच कलमात आणखी एक वाक्य होतं : ब्रिटनची संसद कधीही कर लावेल तेव्हा सगळ्यांच्या भल्यासाठी गरजेचा तेवढाच लावेल आणि प्रत्येक भागाची परिस्थिती व ऐपत लक्षात घेईल, याहून वेगळं गृहीत धरताच येणार नाही.

पहिली अट कडक होती पण तिला मुदत होती. दुसरीला मुदत नव्हती पण ती नुसता विश्वास होती. आणि दोन्हींचा अर्थ कोण लावणार? ज्या सभागृहात स्कॉटलंडच्या ५५८ पैकी ४५ जागा होत्या, तेच सभागृह. या सगळ्या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते. करार करताना दोन संसदा समोरासमोर होत्या. करार झाला त्या दिवशी त्यातली एक उरली नाही आणि दुसरीच नव्या नावाने करार वाचायला बसली. जमलेल्या माणसांनी शब्दांवर पुष्कळ मेहनत घेतली, पण शब्दांवर वाद झाला तर निवाडा कोणाकडे, हे कुठेच लिहिलं नाही.

१७१३ चा उन्हाळा

त्याआधीची सहा वर्षं कटुतेत गेली होती. १७०८ मध्ये स्कॉटलंडची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तिथला कारभार पाहणारं मंडळ, बरखास्त झाली. १७०९ मध्ये इंग्लंडचा राजद्रोहाचा कायदा स्कॉटलंडला लागू केला गेला. हॅमिल्टनच्या ड्यूकला राणीने ब्रिटिश ड्यूकपद दिलं, तर २० डिसेंबर १७११ रोजी लॉर्ड्सने ५७ विरुद्ध ५२ मतांनी ठरवलं की स्कॉटिश उमरावाला त्या पदाच्या जोरावर सभागृहात बसता येणार नाही. १७१२ मध्ये चर्चच्या कारभारात ढवळाढवळ करणारे दोन कायदे आले. प्रत्येक वेळी स्कॉटिश प्रतिनिधी विरोध करायचे, पण विखुरलेले. कोणाला चर्चची चिंता, कोणाला मानाची, कोणाला सरकारी पदाची.

माल्टने त्यांना एकत्र आणलं. १७१३ च्या वसंतात उट्रेख्टला फ्रान्सशी तह झाला. स्पेनशी तहावर सह्या व्हायला जुलै उजाडणार होता. इंग्रज सदस्य म्हणाले, युद्ध संपलं, आता कर दोन्हीकडे सारखा. मे महिन्यात कॉमन्सने तसं विधेयक मंजूर केलं. स्कॉटिश सदस्यांनी दोन मुद्दे मांडले. एक, स्पेनशी युद्ध कायद्याने अजून चालू आहे, तेव्हा कलमाची मुदत संपलेली नाही. दोन, स्कॉटलंडचे जव हलके. तिथे पिकणाऱ्या ‘बेअर’ या जातीला इंग्लंडच्या जवाइतका भाव नाही, मग मापावर सारखा कर म्हणजे किमतीवर जवळपास दुप्पट ओझं. दुसरा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो. दर सारखा ठेवला की न्याय झाला, असं मानणाऱ्यांना त्या धान्याची मूठ हातात घेऊन पाहायची गरजच वाटली नाही.

त्यानंतर जे झालं ते पुन्हा फारसं दिसलं नाही. स्कॉटलंडचे कॉमन्स सदस्य आणि उमराव एकत्र बसले आणि आपण एकत्रीकरण मोडायची मागणी करणार, हे सांगायला त्यांनी राणी ॲनकडे चौघांना पाठवायचं ठरवलं : आर्गाइलचा ड्यूक, मारचा अर्ल, कार्नवाथचा जॉर्ज लॉकहार्ट आणि ऑर्मिस्टनचा जॉन कोबर्न. आर्गाइल हा एकत्रीकरणाचा कट्टर समर्थक होता, तर लॉकहार्टचा त्याला पहिल्यापासून विरोध होता आणि पदच्युत स्ट्युअर्ट घराण्यावर त्याची निष्ठा होती. दोन वर्षांनी हाच मार स्ट्युअर्टांसाठी बंड करणार होता आणि शेरिफम्युअरच्या रणांगणावर आर्गाइल त्याच्यासमोर उभा ठाकणार होता. अशी माणसं एका प्रश्नावर एका दारात गेली. राणीचं उत्तर मऊ होतं पण नकाराचंच : हा निर्णय घाईचा आहे, नंतर पस्तावायची वेळ येऊ नये.

मग १ जून. फिंडलेटरने चार तक्रारी मांडल्या : प्रिव्ही कौन्सिल गेली, राजद्रोहाचा परका कायदा आला, उमरावांवर बंदी घातली आणि आता हा माल्टचा कर. चर्चा लांबली. बाजू मात्र उलट्यापालट्या झाल्या होत्या. ज्या व्हिग पक्षाने एकत्रीकरण घडवलं होतं, त्याचे इंग्रज उमराव टोरी सरकारला अडचणीत आणायला स्कॉटिश मागणीच्या बाजूने गेले. मत घेतलं तेव्हा सभागृहात हजर असलेले ५४ विरुद्ध ५४ निघाले. त्या काळी गैरहजर उमरावाला आपलं मत दुसऱ्याच्या हवाली करता यायचं. ती मतं मोजली तर एका बाजूला १३, दुसऱ्या बाजूला १७. चार मतांनी मागणी फेटाळली गेली. सभागृहात पाऊलही न टाकलेल्या माणसांच्या चार मतांवर दोन देशांचं एकत्र राहणं टिकलं.

‘चारच मतं कमी पडली’ हे वाक्य स्कॉटलंडच्या इतिहासात पुष्कळदा अभिमानाने येतं. मला ते अर्धंच वाटतं. हजर असलेल्या ५४ मतांमध्ये स्कॉटिश मतं फार तर सोळा असू शकत होती. बाकीची इंग्रजांची होती, आणि त्यातल्या बहुतेकांना ना जवाची काळजी होती ना स्कॉटलंडची. त्यांना मंत्रिमंडळ हलवायचं होतं. म्हणजे लहान भागीदाराची मतं मोठ्यांचं आपसात भांडण होतं तेव्हाच निर्णायक ठरली, आणि ते भांडण मिटताच या मतांची किंमत पुन्हा १६ आणि ४५ वर आली. स्कॉटिश प्रतिनिधींना हे तेव्हाच उमगलं असावं, कारण पुढच्या काळात त्यांनी एकजुटीपेक्षा जवळीक साधण्यावर भर दिला.

माल्टचं विधेयक आठवडाभरात लॉर्ड्समध्येही मंजूर झालं. कायदा झाला, पण स्कॉटलंडमध्ये तो अमलात आणायची हिंमत कोणत्याच सरकारने केली नाही. बारा वर्षं हा कर तिथे जवळपास कागदावरच राहिला. संसदेत हरलेली बाजू माल्टच्या कोठारात जिंकली.

वॉलपोल वसुली करतो

१७२४ च्या अखेरीस तेव्हाच्या ब्रिटिश सरकारचा प्रमुख रॉबर्ट वॉलपोल याने हा प्रश्न पुन्हा उघडला. आधी त्याने एलच्या पिंपावर ६ पेन्स लावायचं आणि धान्य निर्यातीचं अनुदान स्कॉटलंडपुरतं बंद करायचं ठरवलं. त्यावर इतका गदारोळ झाला की त्याने ते सोडलं आणि माल्टवर बुशेलला ३ पेन्स, म्हणजे इंग्लंडच्या निम्मा दर, असा तोडगा काढला. २३ जून १७२५ पासून वसुली सुरू व्हायची होती. त्यातून किमान २०,००० पौंड अपेक्षित होते.

या वेळी ४५ जण एकजुटीने उभे राहिले नाहीत. लॉकहार्ट तोवर संसदेबाहेर होता, पण त्याने लिहून ठेवलंय की सरकारकडून स्कॉटिश सदस्यांना लंडनच्या मुक्कामासाठी आठवड्याला दहा गिनी मिळत होत्या. तो खर्च स्कॉटलंडच्या महसुलातून भागला पाहिजे, नाहीतर यापुढे आपले मोजे आपल्याच पट्ट्यांनी बांधा (म्हणजे आपला खर्च आपणच भागवा), अशा शब्दांत वॉलपोलने त्यांना समज दिली. लॉकहार्ट तटस्थ नव्हता, हे लक्षात ठेवून वाचावं. पण एडिंबरोहून लंडनचा लांबचा प्रवास, तिथलं महागडं बिऱ्हाड आणि बहुतेक लहान जहागिरीचे सदस्य, हे सगळं खरंच होतं. प्रतिनिधी राजधानीत कोणाच्या पैशावर राहतो, हा प्रश्न त्याच्या मतापासून वेगळा काढता येत नाही.

विरोध करणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे स्कॉटलंडमधला सरकारचा मुख्य वकील, रॉबर्ट डंडास याने कराविरुद्ध भूमिका घेतली आणि त्याचं पद गेलं. त्याच्या जागी डंकन फोर्ब्स आला. या डंडासचा मुलगा हेन्री डंडास पुढे नेमका उलट वाटेने गेला आणि त्या वाटेवर आपला प्रदेशही येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हेन्रीच्या मुठीत स्कॉटलंडच्या बहुतेक जागा होत्या आणि भारताच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा तो अध्यक्षही होता. ईस्ट इंडिया कंपनीतल्या नेमणुकांवर त्याचं वजन चालायचं. स्कॉटिश घराण्यांची धाकटी मुलं भारतात नोकरीला लागायची आणि त्या घराण्यांची मतं सरकारच्या पारड्यात पडायची. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याचे लागोपाठ दोन गव्हर्नर, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन मॅल्कम, स्कॉटिश होते. साताऱ्याच्या दरबारी बसून मराठ्यांचा इतिहास लिहायला घेणारा ग्रँट डफही स्कॉटिश. या प्रत्येकाची नेमणूक डंडासने केली असा याचा अर्थ नाही. पण एवढ्या लहान देशाची एवढी माणसं पुणे-सातारा-मुंबईत कशी, याच्या उत्तराचा एक धागा वेस्टमिन्स्टरमधल्या त्या ४५ जागांपर्यंत जातो.

१७२५ च्या जूनमध्ये मात्र असा कुठला मोबदला लोकांच्या समोर नव्हता. ग्लासगोत माल्टची कोठारं मोजायला आलेल्या अधिकाऱ्यांना लोकांनी आत शिरू दिलं नाही. २४ जूनला कॅप्टन बुशेलच्या हाताखाली सैनिकांच्या दोन तुकड्या शहरात आल्या. त्या रात्री जमाव शॉफील्ड मॅन्शनवर चालून गेला. हे घर डॅनियल कॅम्पबेलचं. तो ग्लासगो आणि तिच्या जोडीच्या तीन गावांचा कॉमन्समधला सदस्य होता आणि माल्टच्या कराला त्याची साथ आहे, हे गावाने पक्कं धरलं होतं. वास्तुकार कॉलिन कॅम्पबेलने १७११ च्या सुमारास त्याला बांधून दिलेलं ते घर शहरातल्या सगळ्यात देखण्या घरांपैकी एक होतं. मालक तेव्हा घरी नव्हता. सकाळपर्यंत आत वापरण्याजोगं काही राहिलं नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. लोकांनी कर अधिकाऱ्याचं घर फोडलं नाही, ना सैन्याची छावणी. त्यांनी आपल्या प्रतिनिधीचं घर फोडलं. त्यातल्या जवळजवळ कोणालाही मत नव्हतं. सदस्य निवडायचे चार गावांच्या नगरपरिषदांनी पाठवलेले चार प्रतिनिधी. कॅम्पबेलला जाब विचारायला लोकांकडे दुसरी जागाच नव्हती. मी त्या तोडफोडीचं समर्थन करत नाही. पण ज्याला मत देता येत नाही त्याच्यासाठी ‘आपला प्रतिनिधी’ या शब्दांत काय उरतं, हे त्या रात्री उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी जमाव सैनिकांवर दगड घेऊन आला, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आठ-नऊ माणसं मेली. बुशेलची माणसं माघार घेत डंबार्टनला गेली. जुलैमध्ये जनरल वेड मोठी फौज घेऊन आला. सोबत फोर्ब्स. शहराच्या दंडाधिकाऱ्यांनाच अटक करून एडिंबरोला नेलं आणि नंतर सोडून दिलं. एडिंबरोच्या ब्रुअरांनी एल गाळणं बंद केलं, तेव्हा वॉलपोलने आर्गाइलच्या धाकट्या भावाला, आयलेच्या अर्लला, पाठवलं. त्याने काहींना धमकावलं, काहींना समजावलं आणि थोड्याच दिवसांत संप मोडला. स्कॉटलंडसाठी वेगळा मंत्री असलेल्या रॉक्सबरोच्या ड्यूकला ऑगस्टमध्ये काढून टाकलं. ते पद रिकामंच ठेवलं आणि पुढची कित्येक वर्षं स्कॉटलंडचा कारभार आयलेच्या हातून चालला. संसदेत मतं त्याने जमवायची, नेमणुका त्याने सुचवायच्या.

कर बसला, पण त्यातून स्कॉटलंडच्या हाती काहीतरी परत आलं. माल्टमधून २०,००० पौंडांच्या वर जमेल ती रक्कम स्कॉटलंडच्याच उद्योगांवर खर्च करायची असं ठरलं आणि १७२७ मध्ये त्यासाठी मासेमारी व उद्योगांचं विश्वस्त मंडळ उभं राहिलं. लिननच्या धंद्याला त्याचा चांगला हात मिळाला. १७१३ ची एकजूट जे मिळवू शकली नाही त्यातलं थोडं सौद्याने मिळालं, हे मान्य करायला हवं. पण त्या सौद्याच्या वेळी ग्लासगोचे ते आठ-नऊ जण नव्हते.

कॅम्पबेलला भरपाई मिळाली. संसदेने ग्लासगो शहरावर ६,०८० पौंडांचा बोजा टाकला. ते पैसे उभे करायला शहरात विकल्या जाणाऱ्या एल आणि बिअरवर दर पाइंटला दोन स्कॉटिश पेनी, म्हणजे इंग्रजी पेनीचा सहावा भाग, हा शहराचा कर पुढे चालू ठेवला गेला. कॅम्पबेलने १७२६ मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतचं आयला बेट १२,००० पौंडांना विकत घेतलं. त्यातला काही भाग त्या भरपाईचाच होता, असं मानतात. माल्टच्या करावरून उठलेल्या ग्लासगोकरांनी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक पेल्यामागे त्याचा हप्ता भरला.